सकाळी बोटं उघडेपर्यंत

इंदूताईंना कुणाशी बोलायचं असलं की त्या आधी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायच्या. मग तो वॉचमन असो, सोसायटीचे सेक्रेटरी असोत, नाहीतर दारात आलेला कुरियरवाला. परक्या बाईने अशी हनुवटी धरली की माणूस दचकतोच. इंदूताईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि समोरच्याचे डोळे आपल्याकडे नसताना बोलायचं म्हणजे रिसीव्हर खाली ठेवलेल्या फोनवर बोलायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

परळची खोली विकून आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायला आलो ते दोन हजार एकच्या सुमाराला. तिसरा मजला, समोरासमोर दोन दारं. समोरचं दार जाधवांचं. किसनराव जाधव एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करायचे. त्यांनाही ऐकू येत नसे. दोघं मूळची खेडकडची, पण भेटली मुंबईत, कर्णबधिरांच्या एका मेळाव्यात. त्या घरात ऐकू येणारी एकटी रूपाली, त्यांची मुलगी. आम्ही आलो तेव्हा ती कॉलेजात होती. पाच वर्षांची असल्यापासून गॅस नोंदवायचा फोन तीच करायची.

रूपालीने मला खुणा शिकवल्या. इंदूताईंनी दुरुस्त केल्या. आधी माझं नाव ठरलं. त्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. वॉचमनचं नाव मिशीला पीळ, सेक्रेटरींचं नाव पोटावरून फिरवलेला हात, आणि माझं नाव नाकावर सरकवलेला चष्मा. मी दिवसातून शंभरदा चष्मा सरकवते हे मला तेव्हा कळलं. तू आणि तुम्ही हा फरक त्यांच्या भाषेत नाही, समोर बोट दाखवलं की झालं. त्यामुळे मी तोंडाने त्यांना इंदूताई, तुम्ही असं म्हणत आले आणि हाताने मात्र आम्ही दोघी पहिल्या दिवसापासून एकमेकींना अरेतुरे करत होतो.

त्यांचे हात फार वेगाने चालायचे. बाजारातून येताना एका हातात पिशवी असली तरी दुसऱ्या हाताने अर्ध्या जिन्यापर्यंत हकीकत सांगून व्हायची. कोळणीशी झालेला घासाघिशीचा प्रसंग सांगताना त्या कोळीण व्हायच्या, मासा व्हायच्या आणि मधे घोंगावणारी माशीसुद्धा व्हायच्या. नवराबायकोचं भांडण झालं की आमच्या घरात ऐकू यायच्या त्या फक्त इंदूताईंच्या बांगड्या. बांगड्या बराच वेळ वाजल्या की माझे यजमान म्हणायचे, "आज जाधवांचं काही खरं नाही."

त्यांना एकाच गोष्टीची भीती वाटायची, अंधाराची. त्या वर्षांत लाइट फार जायची. लाइट गेली की त्या दोघांचं बोलणं वाक्याच्या मधेच तुटायचं. म्हणून घरात प्रत्येक खोलीत मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवलेली असायची, अगदी मोरीतसुद्धा.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात त्यांनी बांगड्या काढून ठेवल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "घट्ट होतात." मग अंगठी काढली. ती साबण लावूनही निघेना, शेवटी सोनाराकडून कापून आणावी लागली. मग एके दिवशी किसनराव चिडून माझ्याकडे आले आणि रूपालीला बोलवायला सांगू लागले. बायको काय बोलते ते मला कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. इंदूताई त्यांना सांगत होत्या परवा जायचं, आणि त्यांना दिसत होतं उद्या. एक बोट पुरतं उघडत नव्हतं, एवढाच तो फरक.

सकाळी उठल्यावर तासभर तर हात लाकडासारखे असायचे. त्या तासात इंदूताई मुक्या असायच्या. हा शब्द त्यांना मुळीच आवडत नसे. कुणी मुकी म्हटलेलं ओठांवरून कळलं तर त्या भांडायला उठायच्या. पण त्या दिवसांत त्यांनी स्वतःच मला सांगितलं, "सकाळी मी मुकी असते."

रूपालीला तेव्हा मीरा रोडला कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली होती, रात्रपाळीची. म्हणून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. रिपोर्ट बघून ते माझ्याशीच बोलायला लागले.

"संधिवात आहे. म्हातारपणाचा नाही, हा वेगळा. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. गोळी चालू करतोय, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, आणि मधे मधे रक्त तपासायचं. यांना सांगा, आजार पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहू शकतो."

इंदूताईंनी हात लांब करून डॉक्टरांची हनुवटी धरली. डॉक्टर खुर्चीत मागे सरकले. मग इंदूताईंनी सावकाश, जमेल तेवढी बोटं उघडून विचारलं, आणि मी ते तोंडाने सांगितलं, "माझे हात किती वर्षं चालतील?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "या हातांनीच बोलतात ना या?"

"हो," मी म्हटलं.

"मग खोटं नको सांगायला. काही बोटं वाकडी होतील कदाचित. औषध लवकर चालू होतंय, हातांचे व्यायाम रोज केले तर नक्की फरक पडेल. पण गॅरंटी मी नाही देऊ शकत."

मी इंदूताईंकडे वळले आणि खुणेने म्हटलं, "औषध घेतलं, व्यायाम केले की काही होणार नाही."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग मान हलवली. भाईंदर स्टेशनवरून रिक्षा केली, रिक्षा सोसायटीच्या गेटपाशी थांबली, तरी त्या उतरेनात.

"डॉक्टर एवढा वेळ बोलला," त्या म्हणाल्या. "तू एवढंच सांगितलंस."

मी पैसे काढायला पर्स उघडली.

"लहानपणी आई डॉक्टरशी अर्धा तास बोलायची. मी विचारलं की म्हणायची, काही नाही. लग्न ठरताना सगळे तासभर बोलले. मी विचारलं, म्हणाले, काही नाही. सगळं आयुष्य काही नाही, काही नाही. तू तरी सगळं सांग."

रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, उतरना है क्या?" मी त्याला थांबायला सांगितलं आणि रिक्षात बसून सगळं सांगितलं. काही बोटं वाकडी होतील, हे वाक्य तोंडाने सांगणं सोपं आहे. हाताने सांगताना मला माझी बोटं वाकडी करून दाखवावी लागली.

"कुठली?" त्यांनी विचारलं.

"ते कुणालाच माहीत नाही."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि एकेका बोटाकडे बघत गेल्या, दहाही बोटांकडे. मग उतरल्या.

हातांचे व्यायाम शिकवायला त्याच दवाखान्यात एक बाई होत्या, मध्यमवयीन, बोलायला शांत. त्यांनी चित्रं काढलेला एक कागद दिला. सकाळी आधी कोमट पाण्यात हात बुडवायचे. मग मनगट वर-खाली. हळू मूठ वळायची, हळू उघडायची. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. तळहात टेबलावर सपाट ठेवून एकेक बोट उचलायचं. पातळ टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करायचा. "सूज असेल त्या दिवशी जोर लावायचा नाही, नुसतं हलवायचं," त्या म्हणाल्या. "आणि व्यायामानंतर दोन तासांनीही दुखत राहिलं, तर जास्त झाला असं समजायचं." हे सगळं मी नीट सांगितलं. या वेळी एक शब्दही गाळला नाही.

तरी इंदूताईंनी ते ऐकलं नाही. त्या घाबरल्या होत्या, आणि दहा वेळा केल्याने फायदा होतो तर शंभर वेळा केल्याने दसपट होईल असा त्यांनी हिशेब केला. स्टेशनजवळून एक टणक रबरी बॉल आणला. स्वयंपाक करताना, टीव्ही बघताना, जिना चढताना तो दाबत राहिल्या. मी हटकलं तर बॉल पदराखाली घ्यायच्या. आठव्या-नवव्या दिवशी रूपाली कामावरून आली ती थेट माझ्या दारात.

"मावशी, आई कालपासून बोलत नाहीये."

"रुसली आहे का?"

"रुसली असती तर बरं होतं. हात बघ तिचे."

इंदूताई पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही हात. पावाची कणीक फुगावी तसे ते फुगले होते. किसनराव समोर बसून काही ना काही सांगत होते, छापखान्यातलं, गावाकडचं, आणि इंदूताई भुवयांनी हो किंवा नाही म्हणत होत्या. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांच्या हातून पहिला शब्द निघाला तो किसनरावांचं नाव. त्यांच्या खुणेच्या नावाला दोनच बोटं लागत, म्हणून तो आधी जमला असेल. किसनरावांनी बॉल खिशात घातला आणि कुठे टाकला ते कुणाला सांगितलं नाही.

व्यायामाच्या बाईंनी रागावून विचारलं, "बॉल मी दिला होता का?" इंदूताईंनी खाली बघितलं. मग बाई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "तुम्ही बोलता कशा ते मला दाखवा. नेहमीचे शब्द." इंदूताई एकेक शब्द दाखवत गेल्या आणि बाई कागदावर लिहीत गेल्या. मासा या शब्दाला मनगट फिरायचं. घास या शब्दाला अंगठा सगळ्या बोटांना मिळायचा. फूल या शब्दाला मिटलेली पाचही बोटं एकदम उमलायची. बाईंनी त्यातून बारा-चौदा शब्द निवडले. "आकडे मोजू नका. हे शब्द प्रत्येकी पाच वेळा बोला, सकाळी आणि संध्याकाळी. आणि मग बस."

आमचं आणि जाधवांचं स्वयंपाकघर समोरासमोर होतं, मधे हवेसाठी सोडलेली मोकळी जागा. सकाळी मी चहा टाकायची तेव्हा इंदूताई खिडकीशी स्टीलच्या टोपात हात बुडवून उभ्या असायच्या. मग शब्द सुरू व्हायचे. मासा, मासा, मासा. घास. फूल सगळ्यात शेवटी. सात वाजता फूल निम्मं उमलायचं, साडेसातला पुरतं. ज्या दिवशी आठ वाजले तरी उमलायचं नाही, त्या दिवशी त्या माझ्याकडे न बघता खिडकीतून बाजूला व्हायच्या. मीही चहाच्या भांड्यात बघत राहायची. आपण बघितलं हे त्यांना कळू नये असं वाटायचं.

दोन हजार पाचच्या थंडीतली एक सकाळ मला विसरता येत नाही. साडेसहा वाजले असतील. यजमान पहिल्या पाळीला गेले होते. दारावर काहीतरी आपटलं. पुन्हा आपटलं. आणि मग एक आवाज आला. तो बाईचा आहे की जनावराचा हेच मला क्षणभर कळलं नाही. इंदूताईंचा आवाज मी चार वर्षांत कधी ऐकला नव्हता. शाळेत जबरदस्तीने बोलायला लावायचे आणि मुलं हसायची, म्हणून बाराव्या वर्षी त्यांनी गळ्यातून आवाज काढणं बंद केलं होतं, असं रूपालीने सांगितलं होतं.

दार उघडलं तर इंदूताई उभ्या. ओठाला रक्त. त्यांच्या दाराची कडी हाताने सरकेना म्हणून त्यांनी ती दातांनी ओढली होती, हे मला नंतर कळलं.

"काय झालं?" मी खुणेने विचारलं.

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं मिटलेली. ती उघडेनात. त्या हात हलवत होत्या, झटकत होत्या, एका मुठीवर दुसरी मूठ आपटत होत्या, पण शब्द काही बाहेर येत नव्हता. मग त्या एकदम माझ्या उंबऱ्यात आडव्या पडल्या. डोळे मिटले, तोंड उघडं टाकलं.

मला वाटलं त्यांनाच चक्कर आली. मी आत धावले, पाणी आणलं, तोंडावर शिंपडलं. त्या ताडकन उठल्या आणि मला खांद्याने ढकलत आपल्या घरात नेलं. मोरीच्या दारात किसनराव तसेच पडले होते, डोळे मिटलेले, तोंड उघडं, अंग घामाने भिजलेलं. नवरा कसा पडलाय हे त्या मला पडून दाखवत होत्या, आणि मी त्यांच्यावर पाणी शिंपडत बसले होते.

किसनरावांना मधुमेह होता. दोन दिवस ताप, पोटात अन्न नाही, आणि गोळी मात्र वेळेवर घेतलेली. मी जिन्यातून हाका मारल्या आणि साखर आणायला धावले, पण खालच्या मजल्यावरचे डॉक्टर वर आले आणि म्हणाले, "शुद्धीवर नाहीत. तोंडात काही घालू नका, घशात अडकेल. आधी हलवा." वॉचमन आणि दोन शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात घातलं. इंदूताई रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. त्यांना नवऱ्याला हाका मारता येत नव्हत्या आणि त्याला त्या ऐकूही आल्या नसत्या. त्या नुसती बंद मूठ त्यांच्या छातीवर टेकवून होत्या, आणि छाती वर-खाली होतेय का ते बघत होत्या. दवाखान्यात ग्लुकोज लावल्यावर थोड्या वेळाने किसनरावांनी डोळे उघडले. बायकोकडे बघून त्यांनी हाताने विचारलं, "तोंडाला काय लागलं?" तोवर आठ वाजून गेले होते. इंदूताईंची बोटं थोडी सुटली होती. "काही नाही," त्या म्हणाल्या.

त्यानंतर रूपालीने इलेक्ट्रिशियन बोलावून जाधवांच्या भिंतीला कोपराने दाबता येईल असं मोठं बटण बसवलं. बेल माझ्या घरात. दाराची कडीही बदलली. इंदूताईंनी नियम केला, रोज पावणेसातला एकदा बेल, म्हणजे सगळं ठीक. दोनदा वाजली तर मी धावायचं.

त्यांची भीती अशी माझ्या घरात आली. साडेसहापासून माझं लक्ष घड्याळाकडे. एकदा बेल वाजलीच नाही. सहा पन्नास झाले, पंचावन्न झाले. मी अर्धी वेणी तशीच सोडून धावले, दार बडवलं आणि बडवून काय उपयोग हे लक्षात येऊन रडकुंडीला आले. तेवढ्यात इंदूताईंनीच दार उघडलं. माझा अवतार बघून त्या हसत सुटल्या. मिटल्या मुठीनेच वरच्या बल्बकडे दाखवलं. लाइट गेली होती, आणि घड्याळाकडे बघण्याच्या नादात ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

किसनरावांनी त्या सकाळबद्दल कधी विचारलं नाही. इंदूताईंनी मात्र एकदाच विषय काढला. "तो पडला याची भीती वाटली," त्या म्हणाल्या. "पण जास्त भीती कशाची वाटली सांगू? मला सगळं माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं."

गोळ्या चालू राहिल्या, व्यायामही. तरी तीन वर्षांत उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकली ती वाकलीच. डाव्या अंगठ्याचा जोर गेला. व्यायाम केले नसते तर आज चमचाही धरता आला नसता, असं डॉक्टर म्हणाले. काही शब्द त्यांच्या हातून गेले. बरेच आखडून का होईना, राहिले. नवे डॉक्टर, नवा भाजीवाला यांना त्या कळायच्या नाहीत. आम्हाला कळायच्या.

मधल्या काळात रूपालीचं लग्न झालं. ती मीरा रोडलाच राहायची, आणि तिची मुलगी सई सहा महिन्यांची झाल्यापासून दिवसभर आजीकडे असायची. दोन हजार नऊमध्ये यजमानांची बदली नाशिकला झाली आणि आम्ही घर सोडायचं ठरवलं. टेम्पो खाली उभा होता तेव्हा मी निरोप घ्यायला समोर गेले. किसनराव कामावर गेले होते. सई वर्षाची असेल, इंदूताईंच्या मांडीवर बसली होती. मी आत आले तशी तिने माझ्याकडे बघून हात वर केला आणि मूठ मिटून उघडली, मिटून उघडली. दूध. मला फार आनंद झाला. बोलायला लागायच्या आधीच तिला खूण येत होती.

इंदूताई हसल्या नाहीत. त्यांनी माझी हनुवटी धरली.

"नीट बघ," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. सई मूठ उघडत होती, पण तीनच बोटं उघडत होती. उजव्या हाताची शेवटची दोन तळहाताला चिकटलेली.

"आठ दिवस बघतेय," इंदूताई म्हणाल्या. "रूपालीला सांगितलं नाही. हिलाही आहे का?"

मी टेबलावरचं बिस्किट सईपुढे धरलं. तिने ते पाचही बोटांनी ओढून घेतलं.

"तिला काही नाही झालं," मी म्हटलं. "दूध हा शब्द ती दिवसभर तुझ्याच हातावर बघते. तिला वाटतं तो असाच म्हणायचा असतो."

इंदूताई बराच वेळ त्या मुठीकडे बघत राहिल्या. बिस्किट चुरून संपलं. सईने पुन्हा हात वर केला, पुन्हा तीनच बोटं.

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी उठले. चपला घालताना वळून बघितलं तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी सईचा हात आपल्या तळहातावर घेतला होता आणि ज्या अंगठ्यात जोर होता त्या अंगठ्याने तिची दोन छोटी बोटं एकेक करून उघडत होत्या. बोटं सहज उघडत होती. त्या सोडायच्या, सई हसून ती पुन्हा मिटायची, आणि त्या पुन्हा उघडून बघायच्या.